ब्रायटन : एका आरोग्यनगरीचा इतिहास

शहरें कां वसतात याचीं कारणें इतिहासकार नेहमीं सांगत आले आहेत. कोठें नदीला उतार सांपडला म्हणून बाजार भरूं लागला. कोठें डोंगराची सोंड पाहून किल्ला बांधला गेला. कोठें देवस्थानामुळें यात्रा जमली आणि यात्रेच्या मागोमाग पेठ आली. परंतु एका वैद्यानें ग्रंथ लिहावा आणि त्या ग्रंथामुळें मोडकळीस आलेल्या कोळीवाड्याचें मोठें शहर व्हावें, असें उदाहरण विरळाच. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लंडनपासून सुमारें पन्नास मैलांवर असलेलें ब्रायटन हें असें शहर आहे. विलायतेंतील उन्हाळी मौजेचें ठिकाण म्हणून त्याचें नांव आपल्या वाचकांच्या कानांवरून गेलेलें असेल. परंतु त्या शहराच्या घडणींत आणि त्याच्या इतिहासाच्या सर्वांत गंभीर प्रकरणांत हिंदी माणसांचा वांटा आहे, हें थोड्यांच्याच लक्षांत असतें.

या गांवाचें जुनें नांव ब्राइटहेल्मस्टन. १०८६ सालीं विल्यम राजानें सर्व राज्याचा जो जमीनझाडा करविला, त्यांत या गांवाचा उल्लेख आहे. आणि तेथील एका इनामाचा सारा चार हजार हेरिंग मासे इतका लिहिलेला आहे. या एका नोंदीवरून गांवाचें सारें जीवन डोळ्यांपुढें उभें राहतें. मासा हेंच धान्य, मासा हेंच चलन. पुढें १५१४ सालीं फ्रेंच आरमारानें गांव जाळलें. तें पुन्हां उभें राहिलें, आणि येथील होड्या हेरिंगच्या हंगामांत दूर यार्मथपर्यंत जाऊं लागल्या. १६५१ सालीं पराभूत होऊन पळणारा दुसरा चार्ल्स येथें एक रात्र राहिला व निकोलस टेटरसेल नांवाच्या तांडेलाच्या गलबतांतून शोरहॅमहून फ्रान्सला निसटला. परंतु राजाचें हें पाऊल गांवाला फारसें लाभलें नाहीं. १७०३ आणि १७०५ सालच्या वादळांनीं किनाऱ्यालगतची खालची वस्ती धुऊन नेली. मासेमारी खालावली, घरें रिकामीं पडलीं, आणि अठराव्या शतकाच्या आरंभीं हें गांव नामशेष होतें कीं काय अशी अवस्था आली.

त्या काळचा सुखवस्तु इंग्रज समुद्राकडे हौसेनें पाहत नसे, हें येथें लक्षांत ठेवलें पाहिजे. समुद्र म्हणजे वादळें, बुडालेलीं गलबतें, चांचे आणि परचक्र. किनाऱ्यावर राहणें हें कोळ्यांचें आणि खलाशांचें प्राक्तन. धनिक मनुष्य दुखण्याइतका झाला म्हणजे ऊन पाण्याच्या झऱ्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या बाथसारख्या गांवीं जाई. आपल्याकडे पर्वणीचें समुद्रस्नान पुण्यकर्म म्हणून परंपरेनें चालत आलें आहे. इंग्लंडांत तशी परंपरा नव्हती. तेथें मनुष्याला समुद्रांत उतरविण्याला शास्त्राची आज्ञा लागली, आणि ती वैद्यानें दिली.

१७५० सालीं लुईस या जवळच्याच गांवीं वैद्यकी करणाऱ्या डॉक्टर रिचर्ड रसेल यानें ग्रंथिरोगांवर समुद्राच्या पाण्याचा उपयोग या विषयावर लॅटिन भाषेंत प्रबंध प्रसिद्ध केला. दोनच वर्षांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर निघालें आणि तें हातोहात खपलें. समुद्रांत स्नान करावें, एवढेंच सांगून रसेल थांबला नाहीं. समुद्राचें पाणी औषध म्हणून प्यावें असेंही त्यानें प्रतिपादिलें. १७५३ सालीं त्यानें ब्राइटहेल्मस्टनला किनाऱ्याशेजारीं प्रशस्त घर बांधलें व तेथेंच रोगी ठेवण्यास आरंभ केला. १७५९ सालीं तो वारला. परंतु तोंपर्यंत गांवाचें दैव फिरलें होतें. त्याच्या घराच्या जागीं १८२६ सालीं रॉयल ॲल्बियन हॉटेल उभें राहिलें. या हॉटेलाचा मोठा भाग २०२३ सालच्या जुलईंत आगीनें नष्ट झाला.

समुद्राचें पाणी पिण्याचा उपदेश आज कोणताही वैद्य करणार नाहीं. परंतु मोकळी हवा, व्यायाम, शहराच्या धुरापासून सुटका आणि दिनक्रमांतील बदल यांचा रोग्यास गुण येत असला पाहिजे, आणि त्याचें श्रेय पाण्याला मिळत असलें पाहिजे, असें मानण्यास हरकत नाहीं. चुकीच्या कारणासाठीं केलेली गोष्टही कधीं कधीं हितकर ठरते, याचें हें एक उदाहरण होय.

या स्नानाचा थाट मोठा मौजेचा होता. चार चाकांची लांकडी खोली घोड्यांकडून पाण्यांत ओढून नेत; आंत बसलेली व्यक्ति कपडे बदलून पायऱ्यांवरून पाण्यांत उतरे; आणि तेथें उभ्या असलेल्या धट्ट्याकट्ट्या कोळिणी तिला धरून लाटेखालीं बुचकळून काढीत. या बायकांत मार्था गन ही फार नांवाजलेली. १७२६ सालीं जन्मलेली ही बाई १८१५ सालीं मरण पावली. सेंट निकोलस देवळाच्या आवारांत, त्या टेटरसेल तांडेलाच्या शेजारांतच, तिचें थडगें आहे. बापजाद्यांनीं ज्या समुद्रावर जाळीं टाकलीं, त्याच समुद्रावर त्यांच्या लेकी आतां श्रीमंतांना न्हाऊं घालून पोट भरूं लागल्या. गांवाचा धंदा बदलला, परंतु कष्ट करणारे हात तेच राहिले.

१७८३ सालीं युवराज जॉर्ज प्रथम ब्रायटनला आला, तेव्हां तो एकवीस वर्षांचा होता. बापाच्या कडक नजरेपासून दूर, मित्रमंडळींत स्वैर राहण्यास हें ठिकाण त्याला पसंत पडलें. १७८५ सालीं त्यानें मराया फिट्झहर्बर्ट या कॅथॉलिक विधवेशीं गुप्तपणें विवाह केला; राज्याच्या कायद्यास हा विवाह मान्य होण्यासारखा नव्हता, म्हणून ती बाई युवराजाच्या जवळपास परंतु वेगळ्या घरीं राही. १७८७ सालीं हेन्री हॉलंड या शिल्पज्ञानें युवराजाच्या साध्या घराचा एक टुमदार प्रासाद केला. पुढें विल्यम पोर्डन यानें १८०३ पासून घोड्यांच्या पागेसाठीं हिंदी धर्तीची घुमटाकार इमारत उभारली. घोड्यांचें घर इतकें भव्य आणि धन्याचें त्यामानानें साधें, हें युवराजाला कसें रुचावें? म्हणून १८१५ ते १८२२ या काळांत जॉन नॅश यानें जुन्या प्रासादाभोंवतीं व त्याच्यावर आजचें रॉयल पॅव्हिलियन रचलें.

ही इमारत पाहून हिंदी मनुष्याची मति कांहीं काळ कुंठित होते. बाहेरून कांद्याच्या आकाराचे घुमट, मिनार, जाळ्या आणि कमानी. आंत मात्र चिनी चित्रें, चिनी नक्षी आणि भोजनगृहाच्या छतांतून लोंबणारें, ड्रॅगनच्या नख्यांत धरलेलें प्रचंड झुंबर. नॅश हिंदुस्थानांत कधींही आला नव्हता. थॉमस व विल्यम डॅनियल या चित्रकारांनीं हिंदुस्थानांत फिरून काढलेल्या देखाव्यांच्या चित्रसंग्रहावरून इंग्लंडांत हिंदी शिल्पाची जी कल्पना रुजली, तिच्यावर त्याचा भर होता. दिसावयास घुमट मोगलाई, परंतु त्यांच्या पोटांत सांगाडा ओतीव लोखंडाचा! मंदिराचा, मशिदीचा आणि राजवाड्याचा अर्थ वेगळा असतो, याची त्या कल्पनेला फिकीर नव्हती. त्या काळच्या इंग्लंडला हिंदुस्थान म्हणजे वैभवाचें एक स्वप्न वाटत होतें, आणि तें स्वप्न युवराजानें विटा, चुना आणि लोखंड यांनीं समुद्रकांठीं उभें केलें, असें म्हणावें लागतें.

मात्र त्याच काळीं ब्रायटनमध्यें एक खराखुरा हिंदी मनुष्य आपल्या हुशारीवर नांव मिळवीत होता. शेख दीन महंमद याचा जन्म १७५९ सालीं पाटण्यास झाला. कंपनीच्या बंगालच्या सैन्यांत नोकरी केल्यावर, आपला वरिष्ठ अधिकारी बेकर याच्याबरोबर तो १७८४ सालीं आयर्लंडांत कॉर्क येथें गेला. तेथें त्यानें एका आयरिश मुलीशीं लग्न केलें आणि १७९४ सालीं आपल्या प्रवासांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. हिंदी मनुष्यानें इंग्रजींत लिहून प्रसिद्ध केलेलें हें पहिलें पुस्तक होय. १८१० सालीं त्यानें लंडनमध्यें हिंदी पद्धतीचें भोजनगृह काढलें, परंतु दोन वर्षांत त्याचें दिवाळें वाजलें. तेव्हां पन्नाशी उलटलेला हा मनुष्य ब्रायटनला आला आणि त्यानें औषधी वनस्पतींच्या वाफेचें स्नान व अंगमर्दन यांचा धंदा आरंभिला. रोग्यास फ्लॅनेलच्या तंबूंत बसवून, बाहेरून बाह्यांतून हात घालून त्याचें अंग तो रगडून देई. बरे झालेल्यांनीं टाकून दिलेल्या कुबड्या तो आपल्या स्नानगृहांत मांडून ठेवी. जाहिरातीचें मर्म त्याला चांगलें कळलें होतें. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन्ही राजांनीं त्याला आपला मर्दनवैद्य नेमलें. हिंदींतील चांपणें या अर्थाच्या धातूपासून इंग्रजींत गेलेला ‘शँपू’ हा शब्द आज केस धुण्यापुरता उरला आहे. दीन महंमदाच्या वेळीं त्याचा अर्थ अंग चेपणें असाच होता. १८५१ सालीं तो मरण पावला. त्याचेंही थडगें सेंट निकोलसच्याच आवारांत आहे.

राजाश्रयामुळें गांव झपाट्यानें वाढलें. १८०१ सालच्या खानेसुमारींत त्याची वस्ती सात हजारांच्या थोडी वर होती. १८५१ सालीं ती पासष्ट हजारांवर गेली. थॉमस केंप यानें १८२३ च्या सुमारास पूर्वेकडे धनिकांसाठीं आपल्या नांवाची भव्य वसाहत आंखली; आजही तिच्या पांढऱ्या, अर्धवर्तुळाकार रांगा पाहणाराचें चित्त वेधून घेतात. त्या पायीं केंप स्वतः मात्र कर्जांत बुडाला आणि सावकारांच्या भयानें १८३७ सालीं देश सोडून गेला. आरोग्याच्या आशेनें येणाऱ्या सर्वांचीच आशा सफल होत असे, असेंही नाहीं. जॉन कॉन्स्टेबल हा थोर चित्रकार १८२४ सालीं क्षयानें पीडलेल्या आपल्या पत्नीला घेऊन येथें आला. त्यानें येथील समुद्राचीं आणि १८२३ सालीं बांधलेल्या साखळदंडी धक्क्याचीं सुंदर चित्रें काढलीं. परंतु १८२८ सालीं त्याची पत्नी वारली. रसेलचा उपाय क्षयापुढें चालला नाहीं.

व्हिक्टोरिया राणीला हें शहर मानवलें नाहीं. वाढत्या कुटुंबाला पॅव्हिलियन अपुरें पडे, आणि भर वस्तींत असल्यामुळें तेथें खासगी जीवन अशक्य होतें. १८४५ नंतर ती तेथें राहण्यास गेली नाहीं. १८५० सालीं नगरवासीयांनीं ५३,००० पौंडांस तो वाडा विकत घेतला. एका विलासी राजाचें क्रीडागृह अशा रीतीनें सार्वजनिक मालकीचें झालें. आणि युवराजाची पागा १८६७ सालीं गायनवादनाचें सभागृह बनली.

राजा गेला, परंतु लोक आले. १८४१ सालच्या सप्टेंबरांत लंडन ते ब्रायटन आगगाडी सुरू झाली. ज्या प्रवासाला घोड्यांच्या गाडीनें बहुतेक दिवस लागे, तो आतां सुमारें दोन तासांवर आला. स्वस्त तिकिटांच्या खास गाड्या सुटूं लागल्या, आणि लंडनचा कारकून, शिंपी, कारखान्यांतला मजूर आपल्या मुलाबाळांसह एका दिवसासाठीं समुद्र पाहूं लागला. बड्या लोकांनीं नाकें मुरडलीं व उन्हाळा सोडून ते शरदांत आणि हिवाळ्यांत येऊं लागले. या लोकलोंढ्याची किंमतही मोजावी लागली. १८६१ सालच्या ऑगस्टांत एका रविवारीं क्लेटनच्या बोगद्यांत दोन गाड्यांची टक्कर होऊन तेवीस माणसें ठार झालीं. तरीही गर्दी ओसरली नाहीं. कारण वर्षांतून एक दिवस तरी मोकळा श्वास घ्यावा, ही भूक धनिकांचीच असते असें नाहीं.

या नव्या यात्रेकरूंसाठीं शहरानें नवनवीं आकर्षणें निर्माण केलीं. युजेनियस बर्च यानें १८६६ सालीं पश्चिम धक्का बांधला. त्याचेंच मत्स्यालय १८७२ सालीं उघडलें, तें आजतागायत चालू आहे. मॅग्नस व्होल्क यानें १८८३ सालीं किनाऱ्यावर विजेची छोटी आगगाडी सुरू केली. आज चालू असलेल्या विजेच्या गाड्यांत जगांतील सर्वांत जुनी ती हीच. जुना साखळदंडी धक्का १८९६ च्या डिसेंबरांत वादळांत कोसळला. १८९९ सालीं पॅलेस धक्का खुला झाला आणि तोच आज ब्रायटनची मुख्य शोभा आहे. पश्चिम धक्का १९७५ सालीं बंद पडला व २००२-०३ च्या वादळांनीं आणि आगींनीं मोडला. त्याचा लोखंडी सांगाडा अद्याप समुद्रांत उभा आहे.

एवढ्यावर हा इतिहास संपता, तर तो केवळ मनोरंजक ठरला असता. परंतु १९१४ सालच्या महायुद्धानें ब्रायटनला पुन्हां रुग्णालय केलें. फ्रान्सच्या रणभूमीवर जखमी झालेल्या हिंदी शिपायांसाठीं त्या वर्षाच्या डिसेंबरांत पॅव्हिलियन, पागेचा घुमट आणि शेजारची धान्यपेठेची इमारत येथें खाटा मांडण्यांत आल्या. ड्रॅगनच्या झुंबराखालीं पंजाबी, पठाण, गुरखे शिपाई पडून राहिले. ज्या पाकगृहांत राजासाठीं पक्वान्नें शिजत, तेथें शस्त्रक्रिया होऊं लागल्या. धर्म व जात यांस बाध येऊं नये म्हणून नऊ निरनिराळीं स्वयंपाकघरें, हिंदू व मुसलमान यांसाठीं पाण्याचे वेगळे नळ, शिखांसाठीं तंबूंतील गुरुद्वार आणि मुसलमानांसाठीं हिरवळीवर नमाजाची जागा, अशी व्यवस्था होती. शहरांतील सर्व रुग्णालयें मिळून सुमारें बारा हजार हिंदी रोग्यांवर येथें उपचार झाले. १९१५ च्या ऑगस्टांत पंचम जॉर्ज राजानें पॅव्हिलियनच्या बागेंत जमादार मीर दस्त यांस व्हिक्टोरिया क्रॉस अर्पण केला; ईप्रच्या लढाईंत विषारी वायूनें त्यांचें शरीर आधींच पोंखरलें होतें.

या शुश्रूषेंत खरी आस्था होती, हें नाकारणें अन्यायाचें होईल. शिपायांच्या कित्येक पत्रांत या जागेचें वर्णन स्वर्गासारखें केलेलें आहे. परंतु सरकारचा दुसराही हेतु होता. राजानें आपला वाडा हिंदी शिपायांस दिला, अशी वार्ता हिंदुस्थानांत पसरावी म्हणून चित्रें आणि पुस्तिका छापल्या गेल्या. वास्तविक तो वाडा चौसष्ट वर्षांपूर्वींच राजाचा राहिला नव्हता. आणि या स्वर्गाभोंवतीं कुंपण होतें. गरिबांच्या सरकारी आश्रमाची जी विस्तीर्ण इमारत घेऊन किचनेर रुग्णालय केलें होतें, तेथें कर्नल सेटन या अधिकाऱ्यानें बंधनें फारच कडक केलीं. हिंदी माणसें आणि गांवांतील इंग्रज स्त्रिया यांचा संबंध येऊं नये, ही त्याच्या मुळाशीं असलेली भीति. शिपायांप्रमाणेंच रुग्णालयांतील हिंदी वैद्यक-नोकरांवरही बाहेर पडण्याची बंदी आली. कांहीं पत्रांत तुरुंगाची उपमा येऊं लागली.

या अपमानाचा स्फोट झाला तो एका महाराष्ट्रीय आडनांवाच्या माणसाच्या हातून. त्या रुग्णालयांतील सब-असिस्टंट सर्जन गोडबोले यांनीं १९१५ सालीं कर्नल सेटनवर गोळी झाडली. नेम चुकला, गोडबोल्यांस कारावास भोगावा लागला. शस्त्र उचलण्याचें समर्थन करण्याचें येथें प्रयोजन नाहीं. परंतु ज्या मनुष्यानें परक्या भूमीवर रात्रंदिवस जखमा बांधल्या, त्याला समुद्रकांठीं एकटें फिरण्याचीही मुभा नसावी, ही गोष्ट इतिहासानें विसरतां कामा नये. ज्या सडकेवर लंडनचा मजूर पूर्वीं मोठ्या प्रयासानें आला आणि हक्कानें हिंडूं लागला, तीच सडक या माणसाला बंद होती.

जे शिपाई येथें वारले, त्यांपैकीं मुसलमानांस वोकिंगच्या मशिदीजवळ दफन केलें. त्रेपन्न हिंदू व शीख शिपायांचें दहन पॅचमजवळच्या टेंकडीवर झालें आणि त्यांच्या अस्थि समुद्रांत विसर्जन करण्यांत आल्या. चिता रचल्या त्या ओट्यांवर आतां ग्रॅनाइटच्या तीन शिळा असून त्यांच्यावरच्या अंगास पांढऱ्या संगमरवरी दगडाची छत्री आहे. या छत्रीचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण शिल्पज्ञानें केला. १ फेब्रुवारी १९२१ रोजीं तिचें अनावरण झालें. दहन झालेल्या त्रेपन्न जणांचीं नांवें शेजारीं कोरण्यास मात्र २०१० साल उजाडावें लागलें. दरवर्षीं जूनमध्यें तेथें स्मरणसमारंभ होतो. हिंदी जनतेनें व संस्थानिकांनीं दिलेलें, गुजराती वळणाचें प्रवेशद्वारही १९२१ पासून पॅव्हिलियनच्या दक्षिणेस उभें आहे.

पुढें विमानप्रवास स्वस्त झाला, इंग्रज सुटीसाठीं स्पेनच्या उन्हांत जाऊं लागले, आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावरील कित्येक गांवें ओस पडलीं. ब्रायटन टिकलें, १९६१ सालीं निघालेलें ससेक्स विद्यापीठ, लंडनचें सान्निध्य आणि नवीन माणसांस सामावून घेण्याची संवय यांनीं त्यास तारलें. २००० सालीं शेजारच्या होव्हसह त्यास नगराचा दर्जा मिळाला. आज तेथें जाणारा प्रवासी पॅव्हिलियन पाहतो, जुन्या कोळीवाड्याच्या अरुंद बोळांतून हिंडतो, गोट्यांच्या किनाऱ्यावर बसतो आणि पॅलेस धक्क्याच्या टोकाशीं जाऊन वारा खातो. हें सर्व पाहण्यासारखें आहेच. परंतु आपल्यापैकीं जो कोणी तेथें जाईल, त्यानें सेंट निकोलसचें आवार आणि टेंकडीवरील छत्री यांसाठीं अर्धा दिवस राखून ठेवावा. चित्रांवरून रचलेला हिंदुस्थान शहराच्या मध्यभागीं आहे आणि त्यास पाहण्यास तिकीट लागतें. रक्तामांसाच्या हिंदुस्थानाची खूण गांवाबाहेर, मेंढरांच्या कुरणांत आहे. तेथें चढून जाण्यास थोडे श्रम पडतात, आणि ते घेण्यासारखे आहेत.